नव्व्याण्णव अधिक एक

५१ गुणिले २४ म्हणजे १२२४ मिनिटं. म्हणजे २० तास २४ मिनिटं. हा हिशेब मी कागदावर मांडला, खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद सईपुढे सरकवला.

"एवढ्या वेळात एका मध्यम पतसंस्थेचं ऑडिट उरकतं," मी म्हणालो.

"तुम्ही कबूल केलंय," सई म्हणाली.

केलं होतं, हे खरं. फेब्रुवारीत ती भूमितीचं पुस्तक उघडं टाकून भिंतीकडे बघत बसायची. तेव्हा माझ्यातला बाप विरघळला आणि मी बोलून गेलो, की दहावीचे पेपर संपू देत, मग तू म्हणशील ते मी तुझ्याबरोबर बसून बघेन. मला वाटलं एखादा सिनेमा सांगेल. तीन तास, मध्यंतरात पॉपकॉर्न, विषय संपला. रक्कम कोरी ठेवून चेकवर सही करू नये, हे मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय.

तिनं त्या कोऱ्या चेकवर 'सोल ईटर' लिहिलं. जपानी मालिका. बोन्स नावाच्या स्टुडिओनं काढलेली, एप्रिल २००८ ते मार्च २००९ या वर्षात तिकडच्या टीव्ही टोक्योवर लागलेली. म्हणजे सईच्या जन्माच्या आसपासची. तरी तिच्या दृष्टीनं ती 'जुनी, पण भारी' होती. मी फक्त जुना.

"म्हणजे कार्टून?"

"ॲनिमे."

"फरक काय?"

"कार्टून म्हटलं की मी उठून जाते, हा फरक."

मग मी ठेवणीतलं वाक्य काढलं, की आमच्या लहानपणी असलं जपानी-बिपानी काही नव्हतं, तरी आम्ही शिकलोच ना. सईनं मोबाइलमधून मान न काढता विचारलं, "मोगली बघायचात ना?"

बघायचो म्हणजे काय! १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागला की गल्लीतलं क्रिकेट आपोआप थांबायचं. आउट झालेला पोरगासुद्धा भांडायचं सोडून घरात पळायचा.

"तो जपानी होता. निप्पॉन ॲनिमेशनचा, १९८९चा. आपल्याकडं हिंदीत आणला. ५२ भाग. तुम्ही ५२ बघितलेत, हे ५१ आहेत. एक कमीच मागतेय मी."

इतकी वर्षं त्या लंगोटीतल्या पोराला मी आपला समजत होतो. आता त्याचेही कागद दुसऱ्या देशाचे निघाले. मी मुकाट्यानं पंखा पाचवर केला आणि बसलो. सांगलीत मे महिन्यात पंखा पाचवर केल्यानं फक्त आवाज वाढतो, पण घरच्या कर्त्या माणसानं काहीतरी करावं लागतं.

पहिलं संकट चष्म्याचं. मालिका इंग्रजी आवाजातही मिळते, पण सईच्या मते तसं बघणं म्हणजे पाप. मूळ जपानी ऐकायचं आणि खाली पळणारं इंग्रजी वाचायचं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. (माझ्याबद्दल असं कुणी म्हणत नाही.) वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं, आणि सईनं लॅपटॉप नेमका अशा अंतरावर ठेवला होता, जे त्या काचेच्या कुठल्याच भागात धड बसत नव्हतं. अक्षर सापडेपर्यंत वाक्य निघून जायचं. ते वाचायला मान वर, चित्र बघायला मान खाली, असा मी पहिले दोन भाग नंदीबैलासारखा बघितला. मागं जपमाळ घेऊन बसलेल्या आईला वाटलं, मला सगळं पटतंय.

तर कथा. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात डेथ सिटी नावाचं गाव आहे. तिथल्या सूर्याला तोंड आहे, तो दिवसभर खदाखदा हसतो आणि संध्याकाळी पेंगतो. चंद्रालाही तोंड आहे, त्याच्या दातांतून रक्त गळतं. सूर्याचं मला पटलं. आमच्याकडं मेमध्ये तो तसाच वागतो. गावात एक शाळा, आणि शाळेचे मुख्याध्यापक साक्षात मृत्युदेव. जपानीत शिनिगामी.

"यम," आईनं मागून नोंद घेतली.

शाळेत दोन प्रकारची मुलं. एक प्रकार हत्यारं होणाऱ्यांचा, म्हणजे माणसंच, पण हवं तेव्हा शस्त्र बनणारी. दुसरा प्रकार ती शस्त्रं चालवणाऱ्यांचा. नायिका माका चालवणारी. तिचा जोडीदार सोल, तो बनतो डोक्यापेक्षा उंच दांड्याचा विळा.

"पप्पा, विळा म्हणू नका. सायद आहे ती. गवत कापत नाहीये."

"मुळात ते गवत कापायचंच अवजार आहे," मी म्हणालो. यावर लॅपटॉप थांबवण्यात आला आणि मला पहिली नियमावली मिळाली. प्रश्न भाग संपल्यावर. तोंडी टिप्पणी नाही. 'हे कसं शक्य आहे' हे वाक्य ५१ भागांत जास्तीत जास्त पाच वेळा.

पहिला भाग अर्धा होईपर्यंत मी चार वापरली.

ही पोरं शिकार कुणाची करतात, तर बिघडलेल्यांची. वाट सोडून दुसऱ्यांचे जीव गिळायला लागलेली माणसं असतात, त्यांचा आत्मा पार नासून 'किशिन' नावाच्या दैत्याचं अंडं होतो. त्यांची नावं मृत्युदेवाच्या यादीवर येतात. आणि दुसरी शिकार चेटकिणींची. हत्यारानं असे ९९ नासके आत्मे खायचे आणि त्यावर एका चेटकिणीचा आत्मा. ९९ अधिक १. एवढं झालं की ते हत्यार खुद्द मृत्युदेवानं हातात धरावं अशा दर्जाचं होतं, त्याला 'डेथ सायद' म्हणतात.

"म्हणजे प्रमोशन," मी म्हणालो. "टार्गेट पूर्ण केलं की वरच्या ग्रेडमध्ये."

सईनं माझ्याकडं बघितलं, पण चूक काढता आली नाही.

इथून मला रस वाटायला लागला, हे मी कबूल करतो. जादू, राक्षस, उडणं वगैरे मला चालत नाही, पण आकडे नीट दिले की मी कुठल्याही धर्मात बसू शकतो. पहिल्याच भागात सुरुवातीला सोल ९९वा आत्मा गिळतो. तो जॅक द रिपरचा. लंडनच्या पोलिसांना १८८८ पासून न मिटलेली केस या दोन पोरांनी काही मिनिटांत बंद केली. शिल्लक, एक चेटकीण.

आणि ती सापडते भोपळ्याच्या घरात. आंघोळ करताना.

सबंध मालिकेत ५१ भाग, त्यातल्या पहिल्याच भागातला हा टबबाथ, आणि आई नेमकी त्याच क्षणी जप संपवून पुढं येऊन बसली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलंय. पण त्यामुळं तिला दिसत नाही असं समजणं ही आमच्या घराची जुनी चूक आहे.

"कोण गं ही बाई?"

सईनं शांतपणे सांगितलं, "मांजर आहे, आजी."

"मांजर कधीपासून पाण्यात बसायला लागलं?"

मी पंख्याकडं बघत होतो. सोलच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. (जपानी चित्रांत पुरुषाचं मन चळलं की नाकातून रक्त येतं. आमच्याकडं असं असतं तर वरातीत रक्तपेढीची गाडी न्यावी लागली असती.) पण आईचा मुद्दा किती बरोबर होता, ते दहा मिनिटांनी कळलं. झुंज झाली, सोलनं तो शंभरावा आत्मा मोठ्या ऐटीत गिळला आणि काहीच झालं नाही. कारण ती चेटकीण नव्हतीच. जबरदस्त जादू येणारं मांजर होतं. तेही मेलं नाही, कारण मांजराला नऊ जीव. उलट ते पुढं यांच्याच घरी राहायला आलं.

आणि दंड काय, तर आधीचे ९९ आत्मे जप्त. शिल्लक शून्य. पहिल्यापासून सुरू.

मी उठून उभा राहिलो. "हे कसं शक्य आहे!" कोटा संपला.

पण सांगा ना. ९९ बिनचूक, शंभरावा कागद चुकीचा जोडला, तर फक्त तो परत करायचा की सगळी फाईल? मला ही मालिका जपानी वाटेचना. आईची फॅमिली पेन्शन आहे. दर नोव्हेंबरला ती हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वेळी आईच्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटेना. भाकऱ्या थापून थापून बोटांच्या रेषा गेल्या, यंत्राचं म्हणणं ही व्यक्ती जुळत नाही. आई यंत्रासमोर बसलेली, श्वास घेतेय, त्या पोराला 'चहा घेतलास का बाळा' विचारतेय, आणि पडद्यावर लाल अक्षरात ती नापास. दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी तो म्हणाला, आधार अपडेट करा, मग नव्यानं या. नव्यानं म्हणजे टोकनपासून. अंगात आत्मा आहे हे सिद्ध करायला माझ्या आईला तीन हेलपाटे पडले. मृत्युदेवाच्या ऑफिसात निदान जागच्या जागी निकाल लागतो.

त्या ऑफिसला फोन करायची सोय मात्र झकास. आरशावर किंवा काचेवर वाफ धरायची आणि बोटानं ४२-४२-५६४ लिहायचं. शिनिगामी थेट पडद्यावर. जपानीत चारला 'शि', दोनला 'नि', म्हणजे ४२ झालं 'शिनि', मरण. ५६४ वाचायचं 'कोरोशि', म्हणजे ठार करणं. आकड्यांतच कोटी. मला हे फार आवडलं. आमच्या खात्यात आकड्यांची कोटी केली की चौकशी लागते. सांगलीचे लँडलाइन नंबरही सात आकडीच असतात, हे मी सईच्या लक्षात आणून दिलं. तिनं एपिसोड पुढं ढकलला.

तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती सामील झाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, त्यामुळं शाळा दिसली की त्यांना बघावंच लागतं, पोलिसाला गर्दी दिसल्यासारखं. भांडी घासता घासता त्या दारातून डोकावल्या तेव्हा सिड नावाच्या मास्तरांचा प्रसंग चालू होता. हे मास्तर मेलेले आहेत. मेल्यावर त्यांना झोंबी करून उठवलंय आणि ते त्याच शाळेत शिकवत राहिलेत. स्वतःबद्दल बोलताना 'मी असा माणूस होतो' असं भूतकाळात बोलतात.

"मेल्यावरही नोकरी?" ती म्हणाली. "मग पगार चालू का पेन्शन?"

"त्याचा उल्लेख नाही."

"निवडणुकीची ड्यूटी नक्की लागत असणार."

पुढं असं कळतं, की ८०० वर्षांपूर्वी पहिल्या किशिनला, असुराला, मृत्युदेवानं कोंडलं ते या शाळेच्या जागेखालीच. (नाव खरोखर असुर. जपान्यांनी तो आपल्याकडूनच नेलाय. मोगलीच्या बदल्यात म्हणा.) त्याला कोंडून ठेवायला मृत्युदेवानं स्वतःचा आत्मा त्या जागेला बांधून घेतला, त्यामुळं त्याला गाव सोडून बाहेर पाऊल टाकता येत नाही. हे ऐकून सौभाग्यवती हातातलं पातेलं घेऊन आत आल्या.

"म्हणजे मुख्यालयी राहतात?"

"८०० वर्षं."

"घरभाडं भत्त्याला ठराव लागत नसेल," असं म्हणून तिनं पातेलं तिथंच टेबलावर ठेवलं आणि बसली. त्यानंतर आमच्या घरी रात्रीची भांडी सकाळी घासली जायला लागली.

आता येतो तो माझ्या छळाचा गाभा. त्याचं नाव स्पिरिट.

हा माकाचा बाप. स्वतः हत्यार आहे, नुसतं नाही, तर ९९ अधिक १ पूर्ण करून मृत्युदेवाच्या हातात बसलेला डेथ सायद. त्याच्याकडून हे लक्ष्य गाठून घेणारी माकाची आई. खात्यात मान मोठा, पण घरी किंमत शून्य. बाईलवेडा असल्यामुळं बायको सोडून चालली, आणि मुलगी त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. तो बिचारा कुठूनही उगवतो, लेकीच्या मागं मागं करतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि स्वतःचा उल्लेख 'पापा' असा करतो. 'माकाऽ, पापा...'

अख्ख्या मालिकेत खालची ओळ न वाचता मला समजलेला हा पहिला जपानी शब्द.

तो आला की सई हसायची. आधी पडद्याकडं बघून आणि मग, अगदी अर्धा सेकंद, माझ्याकडं बघून. सौभाग्यवतीही तेच करायच्या. आता, बाईलवेडेपणाचा भाग सोडा. ऑडिटरकडं बघतंच कोण? संस्थेत शिरलो की बायकाच काय, शिपाईसुद्धा खाली बघतो. पण बाकीचं? शाळेच्या फाटकाबाहेर उगाच थांबणं. 'मित्रासारखं वागू या' म्हणणं. लेकीच्या मैत्रिणींसमोर एखादा ताजा शब्द चुकीच्या ठिकाणी वापरणं. सातवीत तिच्या स्नेहसंमेलनात मी पहिल्या रांगेत उभा राहून मोबाइलवर अकरा मिनिटं शूटिंग केलं होतं. घरी येऊन बघितलं तर नाचणारी मुलगी दुसरीच. सगळ्यांनी एकसारखा फेटा बांधला होता हो. हे स्पिरिटच्या हातूनही घडलं असतं.

सतराव्या की अठराव्या भागाला माझ्या तोंडून 'बिचारा' निघालं.

"बिचारा?" सई म्हणाली. "त्यानं स्वतःच केलंय."

"स्वतः केलेल्याचाच त्रास जास्त होतो," मी म्हणालो. हे फार मोठं वाक्य झालं म्हणून मी लगेच चहा करायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंमत म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकं काढून 'सईऽ, पापा...' असा सूर लावला. माका बापाच्याच काय, कुणाच्याही टाळक्यात जाड पुस्तक उभं घालते, त्याला 'माका चॉप' म्हणतात. सईनं दहावीचं विज्ञानाचं गाईड घातलं. साडेतीनशे रुपयांच्या त्या गाईडचा वर्षभरात झालेला हा पहिला पुरेपूर वापर.

मृत्युदेवाच्या मुलाबद्दल सांगायलाच हवं. डेथ द किड. या पोराला सगळं दोन्ही बाजूंनी सारखं लागतं. आठ हा आकडा प्रिय, कारण आडवा-उभा कसाही कापा, सारखाच. पिस्तुलंही दोन, डाव्या-उजव्या हातात, पण ती दोघी बहिणी आहेत आणि माणसात आल्या की उंची-केस काही जुळत नाही, म्हणून हा दुःखी. आणि स्वतःच्याच केसांत एका बाजूला तीन पांढरे पट्टे, दुसऱ्या बाजूला नाहीत. एवढं आठवलं तरी हा जमिनीवर कोसळतो. घरातली एक तसबीर तिरकी राहिली असावी, अशा शंकेनं पिरॅमिडमधली मोहीम अर्धी टाकून घरी जाऊन येतो.

"असं कुणी असतं का!" सई खिदळत होती.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसता हात लांब करून भिंतीवरचा वडिलांचा फोटो बोटानं ढकलला. एक सेंटिमीटर. मग माझ्याकडं बघत बसल्या. मी लॅपटॉपकडं बघत राहिलो. भाग चालू. मी बघतोय. सहा मिनिटं निघाली. सातव्या मिनिटाला मी पाणी प्यायला उठलो आणि जाता जाता फोटो सरळ केला. दोघींचा जो हशा उठला, तो ऐकून खालचे लोक वर आले होते, पाणी सुटलं का विचारायला.

याच किडचा लेखी परीक्षेचा प्रसंग मात्र सईनं हसत हसत बघितला नाही. अख्खी वेळ तो पेपरावर स्वतःचं नाव लिहितोय. नीट बसत नाही, खोडतोय, परत लिहितोय, परत खोडतोय. शेवटी कागद फाटतो. एकही प्रश्न सोडवलेला नाही.

"पप्पा, मी बारकोड तिरका चिकटवला होता," सई एकदम म्हणाली. "गणित दोनला. दहा मिनिटं त्याच्याकडंच बघत होते."

तीन महिने ही गोष्ट या घरात कुणाला माहीत नव्हती.

"यंत्र तिरकाही वाचतं," मी म्हणालो.

"नक्की?"

"आजीचा अंगठा वाचत नाही. बारकोड वाचतं."

पुढचा भाग लावला.

मग आली ती एक्सकॅलिबर नावाची तलवार. जगातलं सर्वश्रेष्ठ पवित्र शस्त्र, जे गुहेत रुतून बसलंय, आणि कुणीही उपसू शकतं, पण कुणीही ठेवून घेत नाही. कारण ती बोलते. म्हणजे तो बोलतो. तलवारीचा माणूस झाला की लांब नाकाचा, टोपी घातलेला एक पांढरा ठेंगणा गृहस्थ निघतो. हातात छडी. माझी कहाणी बाराव्या शतकापासून सुरू होते, इथून आरंभ. समोरच्यानं प्रश्न विचारला की छडी त्याच्या नाकाशी आणि 'बाकामे!' अशी डरकाळी. माझ्याबरोबर राहायचं तर १००० नियम पाळावे लागतील. त्यात स्वतःच्या कथेचं पाच तासांचं वाचन ऐकणं सक्तीचं.

'बाका' ऐकून मला आधी वाटलं, स्तुती चाललीय. बाका जवान, तसं. ती तलवार घ्यायला आलेली दोन पोरं इतकी वैतागलेली का, ते कळेना. जपानीत बाका म्हणजे मूर्ख, हे भाग संपल्यावर, नियमाप्रमाणे, सांगण्यात आलं. तोवर बाका प्रसंग एवढाच अर्थ मी लावला होता, आणि तोही बरोबरच होता. कारण हे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. आमचे एक मामेसासरे अगदी असेच. १९८४ साली त्यांची बदली झाली होती. ती रद्द कशी करून घेतली, हे ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणी उठलेलं नाही. आम्ही एकदा लग्नपत्रिका द्यायला गेलो होतो. उठायला लागलो की ते फक्त तर्जनी वर करायचे. परतीची शेवटची एसटी गेली आणि आम्ही त्यांच्याकडंच झोपलो. सकाळी चहाला बदली पुन्हा सुरू.

सौभाग्यवतींनी तो भाग दोनदा बघितला. माहेरचं माणूस आहे ना.

चेटकिणींबद्दल मी फार बोलत नाही, कारण तिथं माझं आणि सईचं भांडण झालं. एक चेटकीण बेडकाच्या जातीची आहे, तिच्या प्रत्येक वाक्याला शेवटी 'गेरो' लागतं, कारण जपानी बेडूक डराव म्हणत नाही. ती मला आवडली. पण मुख्य मेडुसा. सापांची. आणि ही बया नोकरीला कुठं, तर त्याच शाळेच्या दवाखान्यात नर्स म्हणून! जी शाळा चेटकिणी मारायला काढली, तिच्याच पगारपत्रकावर. नजरेनं आत्मा ओळखणारी माणसं शेजारच्या खुर्चीत बसतात, तरी पत्ता नाही, कारण तिनं आपल्या आत्म्यावर पांघरूण घालायचा मंत्र केलाय. आपल्याला लवकर कळतं, शाळेला कळायला किती उशीर!

"कळायला काय हवं होतं!" मी ओरडलो. "ही बाई रजा घेते का, बघा की मस्टर!"

"पप्पा, प्लीज."

"अगं, सगळ्यांशी गोड, सगळ्यांच्या आधी हजर, वर्षात एक रजा नाही. आम्ही संस्थेत पाऊल टाकलं की पहिल्यांदा अशा माणसाचं टेबल धरतो. बँकांत सक्तीची रजा काय उगीच देतात? तो रजेवर गेला की दुसरा त्याच्या खुर्चीत बसतो आणि कपाटातून साप बाहेर पडतात. हिला महिनाभर रजेवर पाठवली असती तर ही मालिका वीस भागांत..."

लॅपटॉप बंद झाला. एक दिवस अबोला. मृत्युदेवाच्या शाळेला अंतर्गत लेखापरीक्षक नाही, हे माझं मत अजून कायम आहे, आणि ते मी इथं लिहितोय कारण घरात लिहायला मनाई आहे.

शेवटचा भाग आम्ही मेच्या शेवटच्या शनिवारी रात्री बघितला. असुर सुटलाय, जगभर वेड पसरलंय, सगळे आडवे झालेत, विळाही निपचित. उभी फक्त माका. हातात काही नाही. ती चालत जाते आणि ८०० वर्षं कोंडलेल्या त्या दैत्याला बुक्की मारते. साधी. धाडसाच्या जोरावर. आणि तो संपतो.

खोलीत शांतता. पंख्याचा आवाज.

"बरं," मी म्हणालो. धाडस ही अमूर्त मालमत्ता झाली, ताळेबंदात दाखवता येते, मूल्य ठरवणं अवघड, पण चला. "मग सोल झाला का डेथ सायद?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"ॲनिमेत नाही होत."

"९९?"

"ते राहिलंच."

"अधिक १?"

"पप्पा, ॲनिमे २००९ला संपलं तेव्हा मूळ मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, चालूच होती. अत्सुशी ओकुबोनं काढलेली. ती २००४ ते २०१३ चालली. त्यामुळं यांनी शेवट स्वतःचा लावला. मंगात होतो तो डेथ सायद."

"किती पानं?"

"२५ खंड. आणि उजवीकडून डावीकडं वाचायचे." जांभई देत ती उठली. "पण ते कबूल नव्हतं केलेलं तुम्ही."

ती झोपायला गेली. सौभाग्यवती आधीच झोपल्या होत्या, त्यांनी असुर मरेपर्यंतच वाट बघितली. मी बसून राहिलो. २० तास २४ मिनिटं. पहिल्या भागात उघडलेलं खातं एकावन्नाव्या भागात बंद झालं नाही. यावर मी शेरा मारायचा तरी कुठं?

पाऊण वाजता बाथरूममध्ये गेलो. मेमध्ये सांगलीत आरशावर वाफ धरायचा प्रश्नच नाही, गरम पाण्यानं आंघोळ कोण करतो. मग तोंड जवळ नेऊन 'हाऽ' केलं. धुकं धरलं. बोटानं लिहायला घेतलं. ४२-४२ पर्यंत आलो आणि ते विरायला लागलं. परत 'हाऽ'. ५६४.

"कुणाचा नंबर आहे रे?"

मागं आई उभी. रात्री तिला एकदा उठावं लागतं.

"यमाचा," मी म्हणालो. रात्री पाऊण वाजता आरशासमोर पकडला गेलेला माणूस खरं बोलतो.

आई जवळ आली, डावा डोळा मिटून उजव्यानं, मग उजवा मिटून डाव्यानं तिनं तो नंबर वाचायचा प्रयत्न केला.

"लागतोय का?"

"नाही अजून."

"लागला तर सांग त्याला," आई म्हणाली, "जूनच्या आत येऊ नको म्हणावं. डोळ्याचे पैसे भरलेत. आणि तू हो बाहेर आता, मला जायचंय."